तोकामाचीची भिंत आणि गंजाडचा चौक

जपानला जाणाऱ्या मराठी पर्यटकाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. तोक्योच्या गगनचुंबी इमारती, फुजी पर्वताचे दर्शन, क्योतोची मंदिरे, नारा येथील विशाल बुद्धमूर्ती, हिरोशिमाचे स्मारक आणि या सर्वांना जोडणारा बुलेट ट्रेनचा प्रवास. एवढे झाले की जपान पाहून झाला असे मानण्याची प्रथा आहे. नीइगाता प्रांतातील तोकामाची या नगराचे नाव त्या यादीत सहसा आढळत नाही. वास्तविक तेथे पोहोचणे अवघड नाही. तोक्योहून जोएत्सु मार्गावरील शिंकान्सेनने साधारण सव्वा तासात एचिगो-युझावा येते. वाटेत बावीस किलोमीटर लांबीचा एक बोगदा लागतो. हिवाळ्यात या बोगद्याच्या अलीकडे कोरडे, निळे आकाश असते आणि पलीकडे सर्वत्र बर्फ. युझावा येथे गाडी बदलली की लहानशा रेल्वेने अर्ध्या तासात तोकामाची स्थानक येते.

जपानच्या मानाने हे लहान नगर आहे. २००५ साली आसपासच्या चार ग्रामसंस्थांचे विलीनीकरण होऊन आजची नगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा लोकसंख्या सुमारे ६२ हजार होती; २०२० च्या जनगणनेत ती ५० हजारांच्या खाली गेली. जपानमधील सर्वांत लांब नदी शिनानो या खोऱ्यातून वाहते. कोशिहिकारी जातीचा नावाजलेला तांदूळ येथे पिकतो. किमोनोसाठी लागणारे रेशमी वस्त्र विणणारे गाव अशी तोकामाचीची पिढ्यानुपिढ्यांची ख्याती आहे. हिवाळ्यात दोन-तीन मीटर बर्फ साचतो, शेते गाडली जातात आणि माणसे घरात माग चालवीत बसतात. पीक आणि वस्त्र या दोन्हींचे वेळापत्रक निसर्गाने असे आखून दिले आहे. याच नगराने १९५० मध्ये बर्फाचाच उत्सव सुरू केला. ज्याच्याशी उभे आयुष्य झगडायचे त्याच्याशी मैत्री का करू नये, असा त्यामागचा विचार होता. येथील सासायामा या ठिकाणी उत्खननात मिळालेली सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची मातीची भांडी, ज्यांच्या काठावर ज्वाळांसारखी वेलबुट्टी उसळलेली आहे, ती १९९९ मध्ये 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून घोषित झाली. कला या गावाला नवी नाही, हे लक्षात यावे म्हणून एवढा तपशील दिला.

स्थानकापासून पायी दहा-बारा मिनिटांवर एचिगो-त्सुमारी सातोयामा समकालीन कला संग्रहालय आहे. 'सातोयामा' म्हणजे गावाला लागून असलेले आणि गावाने राखलेले डोंगर-रान. संग्रहालयाचे संक्षिप्त नाव 'मोने' असे आहे. मराठी माणसाला आडनाव आठवेल आणि चित्रकलेच्या अभ्यासकाला फ्रेंच चित्रकार आठवेल. दोघांनीही फार अर्थ शोधू नये, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते बनविलेले आहे. इमारत २००३ सालची. क्योतोचे अवाढव्य रेल्वे स्थानक ज्यांनी उभारले त्या हिरोशी हारा यांनी तिची रचना केली. चौकोनी इमारत, मध्ये चौकोनी जलाशय, भोवती उंच खांबांच्या ओवऱ्या. आपल्याकडील वाड्याच्या चौकाची किंवा मंदिराच्या पुष्करणीची आठवण व्हावी अशी ही योजना आहे. आवारात गरम पाण्याचे सार्वजनिक स्नानगृहही बांधण्यात आले. प्रारंभी हे लोकांनी एकत्र येण्याचे केंद्र होते. २०१२ मध्ये त्याचे संग्रहालयात रूपांतर झाले आणि २०२१ मध्ये नूतनीकरण होऊन आजचे नाव मिळाले.

जलाशयाच्या तळावर अर्जेंटिनाचे कलावंत लिआंद्रो एर्लिच यांनी २०१८ मध्ये इमारतीचे आणि आकाशाचे प्रतिबिंब रेखाटले. ओवरीतून चालताना पाण्यात दोन प्रतिबिंबे दिसतात. एक खरे, हलणारे. दुसरे रंगविलेले, स्थिर. ती एकमेकांत मिसळून गोंधळ होतो. मात्र वरच्या मजल्यावर एका विशिष्ट जागी उभे राहिले की दोन्ही तंतोतंत जुळतात. लहान मुले ती जागा प्रथम शोधून काढतात, मोठी माणसे मागून येतात.

आतील दालनांत र्योता कुवाकुबो यांची २०१२ सालची कलाकृती विशेष उल्लेखनीय आहे. संपूर्ण अंधाऱ्या खोलीत जमिनीवर खेळण्यातली आगगाडी सावकाश फिरते. तिच्या टोकाला एक छोटा दिवा आहे. रुळांच्या कडेला या परिसरातील विणकामाची जुनी अवजारे आणि घरातील साध्या वस्तू मांडलेल्या आहेत. गाडी पुढे सरकू लागली की त्यांच्या सावल्या भिंतींवर वाढत जातात आणि पाहणाऱ्याच्या अंगावरून निघून जातात. धोटा मनोऱ्याएवढा होतो, टोपलीचे बोगद्यात रूपांतर होते. ज्या वस्तू येथील आजी-आजोबांच्या हातात आयुष्यभर होत्या, त्या माळ्यावर पडून राहिल्या असत्या. कलावंताने त्यांत काही बदल केलेला नाही. त्याने फक्त दिवा फिरविला आहे.

समकालीन कलेविषयी मराठी मध्यमवर्गाच्या मनात एक अढी आहे, आणि ती निराधार आहे असे म्हणता येत नाही. कळत नाही म्हणून थोर मानायचे, परदेशात नावाजले म्हणून आपण मान डोलवायची, असा प्रकार महानगरांतील कलादालनांत पुष्कळ चालतो. तोकामाचीच्या संग्रहालयातही काही कलाकृती अशा आहेत की त्या बर्लिनमध्ये असत्या काय आणि येथे असल्या काय, फरक पडला नसता. परंतु जी कामे मनात राहतात ती सर्व याच मातीला विचारून केलेली आहेत. बरे-वाईट ठरविण्याची ही कसोटी साधी आहे आणि ती लावण्यासाठी कलासमीक्षकाची पदवी लागत नाही.

या संग्रहालयाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या भिंतींबाहेर आहे. सुमारे ७६० चौरस किलोमीटरच्या डोंगराळ मुलखात, तोकामाची आणि शेजारच्या त्सुनान या गावाच्या हद्दीत, भातखाचरांच्या बांधांवर, ओस पडलेल्या घरांत आणि बंद झालेल्या शाळांत कलाकृती विखुरलेल्या आहेत. संग्रहालय हे त्या साऱ्याचे प्रवेशद्वार आहे. येथे नकाशा घ्यायचा आणि खेड्यांत जायचे, अशी रीत आहे. दर तीन वर्षांनी तेथे मोठा कलामहोत्सव भरतो. पहिला २००० मध्ये भरला. साथीमुळे २०२१ चा महोत्सव २०२२ मध्ये घ्यावा लागला आणि नववा २०२४ मध्ये पार पडला. पहिल्या महोत्सवाला सुमारे एक लाख साठ हजार लोक आले, २०१८ मध्ये ही संख्या साडेपाच लाखांच्या घरात गेली.

हे सहज घडले नाही. याच प्रांतात जन्मलेले फ्राम कितागावा यांनी नव्वदच्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हा स्थानिक लोकप्रतिनिधींनी कडाडून विरोध केला. तरुण गाव सोडून चालले आहेत, शाळा बंद पडत आहेत, बर्फ काढायला घरात धडधाकट माणूस नाही, अशा वेळी कलेवर पैसा कशाला, हा प्रश्न कोणत्याही ग्रामसभेत विचारला जाईल असाच होता. कितागावा यांच्या कथनानुसार त्यांना चार-साडेचार वर्षांत दोन हजारांहून अधिक बैठका घ्याव्या लागल्या. गावोगावी जाऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांपुढे बसून, पुनःपुन्हा तेच सांगायचे आणि पुष्कळ ऐकून घ्यायचे. संघटनेचे काम ज्यांनी केले आहे त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. शहरांतील विद्यार्थी या कामासाठी स्वयंसेवक म्हणून आले. प्रारंभी गावकरी त्यांच्याकडे संशयाने पाहत. ऑक्टोबर २००४ मध्ये या भागाला मोठा भूकंपाचा धक्का बसला, तेव्हा पडझड झालेली घरे आवरण्यासाठी तीच मुले परत आली. त्यानंतर संशय उरला नाही.

मात्सुदाई येथील डोंगरउतारावरील भातखाचरांची गोष्टही अशीच आहे. इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह या दांपत्याने तेथे नांगरणारे, लावणी करणारे, कापणी करणारे शेतकरी निळ्या-पिवळ्या आकृतींच्या रूपाने बांधांवर उभे केले. समोरच्या चौथऱ्यावरून पाहिले की हवेत लटकणाऱ्या अक्षरांतील मजकूर आणि शेतातील आकृती एकत्र दिसतात. त्या खाचरांच्या मालकाने प्रथम नकार दिला होता. पूर्वजांनी घाम गाळून रचलेल्या बांधांवर परक्याने काही उभारावे हे त्याला मान्य नव्हते. तो वृद्ध होता आणि शेती सोडण्याच्या विचारात होता. आराखडे पाहिल्यावर, हा परदेशी माणूस शेतकऱ्याच्या कष्टांविषयीच बोलतो आहे हे ध्यानात आल्यावर त्याने होकार दिला आणि पुढे आणखी काही वर्षे तो शेत कसत राहिला. त्याने ते सोडल्यावर शहरातील लोकांच्या वर्गणीतून आणि श्रमांतून अशी खाचरे जिवंत ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली.

सानादा या वाडीतील प्राथमिक शाळा २००५ मध्ये बंद झाली. शेवटी तीन मुले उरली होती. सेइझो ताशिमा या चित्रकाराने २००९ मध्ये त्या रिकाम्या शाळेचे चित्रकथेत रूपांतर केले. समुद्राने वाहून आणलेली लाकडे, रानातली फळे-बिया यांना रंग देऊन त्याने ती तीन मुले आणि त्यांचे सवंगडी वर्गावर्गांतून हवेत उडविले. हे पाहून आनंद होतो आणि गलबलूनही येते. कारण खरी मुले तेथे परत आलेली नाहीत. महोत्सवाचे गोडवे गाताना हे सांगितलेच पाहिजे. वीस वर्षांच्या कलासाधनेनंतरही तोकामाचीची लोकसंख्या घटतच आहे. कला जन्मदर वाढवीत नाही आणि कारखान्यांतील नोकऱ्याही निर्माण करीत नाही. तिने केले ते एवढेच, की गावात उरलेल्या वृद्धांना यजमानपण दिले. जे 'मागे राहिलेले' म्हणून ओळखले जात होते, त्यांच्या अंगणात जगभरातून पाहुणे येऊ लागले आणि ते त्यांना आपल्या शेतातली काकडी, आपल्या हातचे लोणचे खाऊ घालू लागले. हे पुरेसे आहे की नाही, हे तेथील लोकांनी ठरवावे. आपल्या सिंधुदुर्गातील किंवा साताऱ्याच्या पश्चिम भागातील ज्या घरांत आता केवळ आई-वडील राहतात, त्या घरांतील मंडळींना मात्र यजमानपणाची किंमत नक्की कळेल.

याच नगराच्या हद्दीत, ओइके नावाच्या डोंगरवाडीत, बंद पडलेल्या आणखी एका शाळेची कथा आहे आणि ती थेट आपल्यापर्यंत येऊन पोहोचते. तोकिओ हासेगावा हे 'ताजमहाल ट्रॅव्हलर्स' नावाच्या प्रयोगशील जपानी वाद्यवृंदातील संगीतकार. या वृंदाने सत्तरच्या दशकाच्या आरंभी युरोपातून रस्त्याने ताजमहालापर्यंत प्रवास केला होता. पुढे हासेगावा तोकामाचीच्या या डोंगरात येऊन राहिले. त्यांनी १९८२ मध्ये, म्हणजे महोत्सवाच्या अठरा वर्षे आधी, त्या शाळेत मिथिला संग्रहालय सुरू केले. बिहारमधील मिथिलेच्या स्त्रिया विवाहप्रसंगी घराच्या भिंतींवर जी चित्रे काढतात, सीता-रामाचा विवाह, कमळ आणि बांबूचे 'कोहबर', ती चित्रे जपानच्या बर्फात जपून ठेवली गेली. पद्मश्री गंगादेवी यांची चित्रे त्या संग्रहात आहेत. गोदावरी दत्त या थोर चित्रकर्तीने अनेक वेळा तेथे राहून भव्य आकाराची चित्रे साकारली. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. मिथिलेच्या शेजारी तेथे आणखी एका लोककलेला स्थान मिळाले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे तोकामाचीच्या त्या संग्रहात आहेत.

मिथिला आणि वारली या दोन कला तेथे एकत्र याव्यात यात एक योगायोग आहे. दोन्हींच्या मुळाशी एक मराठी माणूस उभा आहे. १९६६-६७ च्या भीषण दुष्काळात बिहारमधील स्त्रियांना काही उत्पन्न मिळावे म्हणून पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला मधुबनीकडे धाडले. भिंतीवरची चित्रे कागदावर काढून पाहा, असे घरोघर जाऊन सांगणारे, कागद देणारे आणि चित्रे विकत घेणारे ते कुलकर्णी. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस तेच वारली पाड्यांवर गेले. वारली वनवासी समाजात लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात. शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने पालघाट देवीची स्थापना होते. पुरुषाने चित्र काढण्याचा प्रघात नव्हता. लहानपणी आई गेल्यानंतर वाचा हरपलेला आणि धुळीत रेघोट्या ओढून बोलणारा जिव्या हा मुलगा मात्र वाढत्या वयातही चित्रे काढीतच राहिला. कुलकर्णींनी त्याचे सामर्थ्य ओळखले. १९७६ मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री आणि १५ मे २०१८ रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला. भातलावणी, मासेमारीचे जाळे, तारपा वाजविणाऱ्याभोवती फिरणारा नाच, हे त्यांचे विषय. कोशिहिकारी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला त्यातील लावणीचे चित्र समजण्यास दुभाष्याची गरज पडणार नाही.

आणि आपल्याकडे? वारली चित्रे आज सर्वत्र आहेत. चहाच्या पेल्यांवर, पडद्यांवर, सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणभिंतींवर, लग्नपत्रिकांवर. २०१४ मध्ये या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगलेच झाले. परंतु पेल्यावरच्या चार आकृती म्हणजे चौक नव्हे. त्यातील पालघाट देवी कोण, तिच्या भोवतीच्या चौकटीचा अर्थ काय, ती सवाशिणींनीच का लिहायची, हे विचारणारे किती? मराठी घरातल्या मुलाला फ्रेंच चित्रकारांची नावे शाळेत कळतात आणि गंजाडचे नाव कळत नाही. भास्कर कुलकर्णी यांचे नाव तर त्याच्या चित्रकला शिक्षकालाही सांगावे लागेल.

म्हणून जपानी संग्राहकाचे कौतुक करून थांबावे, असेही नाही. त्याच ओइके येथील संग्रहालयात एक दुःखद घटना घडली. जनगढ सिंह श्याम हे मध्य प्रदेशातील पाटनगढचे परधान गोंड समाजातील चित्रकार. या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बाना वाजवून देवांच्या कथा गायिल्या. चित्रकार जे. स्वामिनाथन यांनी त्यांना भोपाळच्या भारत भवनात आणले. भोपाळच्या विधान भवनाच्या भिंती त्यांनी रंगविल्या. १९८९ मध्ये पॅरिस येथील मोठ्या प्रदर्शनात त्यांची आणि जिव्या मशे यांचीही चित्रे मांडली गेली होती. असा हा मानाचा कलावंत २००१ मध्ये तोकामाचीला चित्रे काढण्यासाठी गेला असताना, त्या वर्षीच्या जुलै महिन्यात त्याने तेथेच आपले जीवन संपविले. वय चाळिशीच्या आसपास. मुक्काम लांबला होता आणि त्यांना घराची ओढ लागली होती, अशी हकीकत त्या वेळी प्रसिद्ध झाली. भारतातील कलावंतांत मोठी खळबळ उडाली, लेख लिहिले गेले, पत्रे पाठविली गेली. काही काळाने ते सारे शांत झाले.

गोदावरी दत्त त्याच शाळेत राहून सन्मानाने परतल्या, पुनःपुन्हा गेल्या. त्यामुळे एका बाजूस दोषाचे सारे ओझे टाकून मोकळे होणे न्याय्य ठरणार नाही. परंतु ज्या देशातून हा कलावंत परदेशी गेला, त्या देशातील एकाही कार्यालयाला त्याचा मुक्काम कोठे आहे, तो किती लांबला आहे, त्याला कोणाशी आपल्या भाषेत बोलता येते का, याची नियमित विचारपूस करणे आपले कर्तव्य वाटले नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. क्रिकेटचा संघ परदेशी जातो तेव्हा सोबत व्यवस्थापक असतो, वैद्य असतो. ज्याच्या चित्रांतले प्रत्येक झाड आणि प्रत्येक देव एका विशिष्ट गावाशी बांधलेला आहे, त्याला एकट्याला बर्फाळ मुलखात सोडताना कोणाच्याही मनात विचार येऊ नये? तोकामाचीच्या शेतकऱ्याच्या बांधावर आकृती उभ्या करण्यासाठी दोन हजार बैठका घ्याव्या लागल्या. एका गोंड चित्रकाराला तेथे नेण्यासाठी किती लागल्या असतील?

मशे यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू चित्रे काढतात. पाटनगढची अनेक घरे जनगढ यांनी दाखविलेल्या वाटेने चित्रकार झाली आहेत. या मंडळींना परदेशांतून निमंत्रणे येत राहतील आणि त्यांनी अवश्य जावे. मात्र महाराष्ट्र शासनाचा सांस्कृतिक कार्य विभाग, केंद्राच्या संस्था आणि वनवासी क्षेत्रात काम करणाऱ्या सेवाभावी संघटना यांनी मिळून काही साधी बंधने घालून द्यावीत. करारपत्र मराठीत किंवा हिंदीत असावे आणि ते गावात वाचून दाखविले जावे. परतीचे तिकीट आणि पारपत्र कलावंताच्या स्वतःच्या हाती राहावे. मुक्काम वाढवायचा असेल तर त्याची संमती दूतावासामार्फत घेतली जावी. सोबत घरचे एक माणूस असावे, त्याचा खर्च निमंत्रकाने न केल्यास शासनाने करावा. आणि डहाणूला लावणीचे दिवस असतील किंवा पाड्यावर लग्नाचा चौक लिहायचा असेल, तर त्या काळात कोणालाही परदेशी पाठवू नये.